मुरलेल्या तंत्राचा कारागीर

क्योतो हे जपानचे जुने राजधानीचे शहर. देवळांचे, बागांचे आणि हातात कसब असलेल्या कारागिरांचे. या शहरात १८८९ साली पत्ते तयार करणारा एक छोटा कारखाना निघाला. हानाफुदा नावाचे, बारा महिन्यांच्या फुलापानांची चित्रे असलेले जपानी पत्ते तेथे बनत. कारखान्याचे नाव निन्टेंडो. पुढे पाऊणशे वर्षांनी, १९६५ साली, या कारखान्यात यंत्रांची देखभाल करायला एक तरुण नोकरीला लागला. दोशिशा विद्यापीठाची इलेक्ट्रॉनिक्सची पदवी त्याच्याजवळ होती. पण विजेची उपकरणे बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी त्याला घेतले नव्हते. त्यालाही क्योतो सोडून जायची फारशी हौस नव्हती. घराजवळची नोकरी मिळाली, ती त्याने धरली. पत्त्यांच्या कारखान्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या पदवीधराला काम ते काय असणार? यंत्रे नीट चालताहेत ना, एवढे बघायचे. उरलेला वेळ रिकामाच.

हा रिकामा वेळ तो कारखान्यातल्याच हत्यारांशी खेळण्यात घालवी. बँकेच्या दाराला ओढले की पसरणारे आणि ढकलले की मिटणारे लोखंडी चॅनेल गेट असते, ते सर्वांनी पाहिले असेल. तसल्याच फुलीफुलीच्या पट्ट्यांचा त्याने एक लांब हात बनवला. मुठी जवळ आणल्या की हात पसरायचा आणि टोकाचा चिमटा दूरची वस्तू पकडायचा. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या नजरेला तो हात पडला. यामाउची म्हणजे करडा माणूस. त्यांनी खोलीत बोलावले तेव्हा आता आपली धडगत नाही, असेच या तरुणाला वाटले. अध्यक्षांनी मात्र त्याचे खेळणे करून बाजारात आणायला सांगितले. १९६६ साली अल्ट्रा हँड या नावाने ते विक्रीला आले आणि बारा लाखांच्या घरात खपले. देखभालीवरचा माणूस खेळणी घडवणारा झाला. त्याचे नाव गुनपेई योकोई.

हे नाव आपल्या शाळांच्या भिंतीवर टांगलेल्या तसबिरींत नाही. पण ज्या घरात एखादे पोर तळहाताएवढे यंत्र घेऊन, जेवायला दहा हाका मारल्या तरी न उठता कोपऱ्यात बसलेले असते, त्या घरावर या माणसाचे ऋण आहे. काही आयांच्या मते उपद्रव आहे! आज तर त्याच वंशातली नवी यंत्रे निघाली आहेत. त्यांच्या पोटात कोणाच्याही मालकीची नसलेली, सर्वांना खुली असलेली संगणकप्रणाली चालते आणि ती यवतमाळ जिल्ह्यातल्या राजूरसारख्या कोळशाच्या गावापर्यंत पोचली आहेत. राजूरची गोष्ट पुढे येईलच. पण नातवाला ओळखायचे तर आधी आजा माहीत असावा लागतो.

डावीकडेच वळणारी गाडी

योकोई यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ रोजी क्योतोतच झाला. निन्टेंडोत आल्यावर अल्ट्रा हँडनंतर त्यांनी कितीतरी खेळणी काढली. घरातल्या घरात चेंडू फेकणारे यंत्र काढले. दोघांनी हात धरायचे आणि त्यांच्या शरीरातून जाणाऱ्या बारीकशा विद्युतप्रवाहावरून प्रेमाचे माप सांगायचे, असे एक गमतीचे यंत्र १९६९ साली काढले. मुलामुलींनी एकमेकांचे हात धरायला त्या काळच्या जपानमध्ये निमित्त लागे. ते निमित्त या खेळण्याने पुरवले. आत यंत्र असे फारसे नव्हतेच. प्रयोगशाळेतले साधे प्रवाहमापक, एवढेच. पण ते कोणापुढे आणि कशासाठी ठेवायचे, ही कल्पना मोलाची होती.

या सगळ्यांत १९७२ सालची एक मोटार मला फार बोलकी वाटते. रेडिओवर चालणाऱ्या खेळण्यातल्या मोटारी तेव्हा भयंकर महाग असत. पुढे, डावीकडे, उजवीकडे अशा प्रत्येक हुकमासाठी वेगळी सोय करावी लागे आणि किंमत चढत जाई. योकोईंनी विचार केला, की शर्यतीची गाडी गोल रिंगणातच पळते ना? मग तिला एकाच बाजूला वळता आले तरी पुरे! त्यांनी सरळ जाणारी आणि फक्त डावीकडे वळणारी मोटार बनवली. लेफ्टी आरएक्स तिचे नाव. उजवे वळण काढून टाकल्याबरोबर किंमत सामान्य घराच्या आवाक्यात आली. मुलांची मजा मात्र तेवढीच राहिली.

योकोईंच्या साऱ्या कामाचे सूत्र या गाडीत आहे. अगदी नवे, नुकतेच प्रयोगशाळेतून बाहेर पडलेले तंत्रज्ञान ते घेत नसत. जे बाजारात वर्षानुवर्षे रुळले आहे, ज्याचे गुणदोष सर्वांना ठाऊक झाले आहेत, जे पुष्कळ बनते म्हणून स्वस्त मिळते, असे तंत्र घ्यायचे आणि ज्या कामासाठी कोणी ते वापरलेच नाही अशा कामाला जुंपायचे, ही त्यांची रीत. जपानीत या रीतीला त्यांनी दिलेल्या नावात वाळून पक्के होण्याचा अर्थ आहे. आपल्याकडे त्याला मुरणे म्हणतात. ताज्या कैरीच्या फोडी दिसायला छान, पण लोणचे मुरल्यावरच पानात वाढतात.

आयुष्यभर बँकेच्या खातेवह्या पाहिलेल्या माझ्यासारख्या माणसाला यात आणखी एक गोष्ट दिसते. कोणत्याही यंत्रावर दरवर्षी घसारा लावायचा असतो. काही वर्षांनी कागदावर त्याची किंमत नावापुरती उरते. पण कागदावर संपलेले यंत्र कामातून गेलेलेच असते असे नाही. योकोईंची नजर नेमकी अशा घसारा लागून संपलेल्या वस्तूंवर असे. इतरांनी जिथे हिशेब बंद केला, तिथून त्यांचा सुरू होई.

आगगाडीतला कंटाळलेला प्रवासी

सत्तरच्या दशकाच्या अखेरीला जपानमध्ये खिशातल्या कॅल्क्युलेटरांची मोठी लढाई झाली. शार्प आणि कॅसिओ या कंपन्यांनी चढाओढीने किमती उतरवल्या. कॅल्क्युलेटरची चिप आणि काळे आकडे दाखवणारी काच, म्हणजे एलसीडी, कवडीमोल झाली. त्याच सुमारास योकोई शिंकान्सेन या वेगवान आगगाडीने जात असताना त्यांना एक कचेरीतला माणूस दिसला. वेळ जात नव्हता म्हणून तो कॅल्क्युलेटरची बटणे उगाच दाबत बसला होता. मोठ्या माणसालाही प्रवासात खेळावेसे वाटते. फक्त लोकांच्या नजरेत न भरेल असे काही त्याला हवे असते, हे योकोईंनी टिपले.

पुढचा भाग तर एखाद्या कादंबरीत शोभावा असा आहे. एके दिवशी अध्यक्षांच्या गाडीचा ड्रायव्हर आजारी पडला. गाडी परदेशी बनावटीची. ती चालवू शकणारा माणूस कंपनीत योकोई. तेव्हा अध्यक्षांना बैठकीला नेण्याचे काम त्यांच्याकडे आले. वाटेत काही बोलायला हवे म्हणून त्यांनी खिशात मावणाऱ्या खेळाची कल्पना सांगितली. यामाउचींनी फारसा उत्साह दाखवला नाही. पण त्या बैठकीत त्यांच्या शेजारी शार्पचे अध्यक्ष बसले होते आणि आठवडाभरात शार्पची बडी मंडळी निन्टेंडोच्या दारात आली. कॅल्क्युलेटरच्या काचेला नवे गिऱ्हाईक हवेच होते.

एप्रिल १९८० मध्ये गेम अँड वॉच मालिकेतला पहिला खेळ आला. एका यंत्रात एकच खेळ, आणि खेळत नसताना तेच यंत्र घड्याळ म्हणून चालावे, अशी दुहेरी सोय. पुढच्या अकरा वर्षांत या मालिकेची ४ कोटी ३४ लाख यंत्रे खपली. १९८२ साली याच मालिकेतल्या घडी होणाऱ्या एका यंत्रासाठी अडचण उभी राहिली. दांडीसारखी उभी कळ ठेवली तर यंत्र मिटत नाही. मग योकोईंनी डाव्या अंगठ्याखाली अधिक चिन्हाच्या आकाराचे एक चपटे बटण बसवले. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. बोट न उचलता आणि खाली न बघता चारही दिशा. आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक खेळयंत्रावर ते अधिक चिन्ह दिसते.

मधल्या काळात १९८१ साली शिगेरू मियामोतो नावाच्या एका तरुण चित्रकाराला अध्यक्षांनी योकोईंच्या देखरेखीखाली काम दिले. त्यातून डाँकी काँग हा खेळ आणि पुढे मारिओ नावाचा मिशीवाला नायक जन्माला आला. मियामोतो जगभर गाजले. आपल्या हाताखालचा माणूस आपल्यापेक्षा मोठा झाला म्हणून योकोई कुढत बसले नाहीत. ते आपल्या कामाच्या टेबलाकडे परत गेले.

चार सेल, चार छटा

२१ एप्रिल १९८९ रोजी योकोईंच्या विभागाने गेम बॉय बाजारात आणला. किंमत साडेबारा हजार येन, अमेरिकेत सुमारे नव्वद डॉलर. हिरवट काचेवर करड्या रंगाच्या चारच छटा. मागून उजेड नाही, म्हणजे अंधारात खेळता येत नाही. स्पर्धकांनी त्याच सुमारास रंगीत, उजळ पडद्यांची यंत्रे आणली. त्यांच्यापुढे हा गेम बॉय एखाद्या झगमगीत दुकानाशेजारच्या किराणा दुकानासारखा दिसे. पण ती रंगीत यंत्रे सहा पेन्सिल सेल खात आणि चार-पाच तासांत मान टाकत. गेम बॉय चार सेलवर दहा तासांच्या वर सहज चाले. हातातून पडला तरी चाले. आणि ज्या बापाला खेळण्याबरोबर दर आठवड्याला सेलही विकत घ्यावे लागणार, त्याचा हिशेब योकोईंनी आधीच करून ठेवलेला होता.

हे सारे श्रेय एकट्या योकोईंचे नव्हे. त्यांचे सहकारी सातोरू ओकादा यांना गेम अँड वॉचपेक्षा पुष्कळ दमदार, खेळ बदलता येतील असे यंत्र हवे होते आणि त्यासाठी ते वरिष्ठांशी भांडलेही. योकोई स्वस्ताई आणि साधेपणा ओढत होते. दोघांच्या ओढाताणीतून मधला रस्ता निघाला आणि तोच बरोबर ठरला. यंत्र बाजारात येण्याआधी आणखी एक संकट आले. पहिल्या नमुन्यातली काच समोरून नीट दिसत नाही म्हणून अध्यक्ष संतापले आणि सारा बेतच मोडायची वेळ आली. त्या दिवसांत योकोईंना अन्न गोड लागत नव्हते की झोप लागत नव्हती. शेवटी काचेचा प्रकार बदलला आणि प्रश्न सुटला. खेळणे बनवणाऱ्याचे आयुष्य खेळाचे असते, असा ज्यांचा समज असेल त्यांनी हे दिवस लक्षात ठेवावेत.

गेम बॉयबरोबर अमेरिकेत टेट्रिस हा खेळ दिला गेला. मॉस्कोच्या अलेक्सेई पाजितनोव यांनी १९८४ साली रचलेला, वरून पडणारे ठोकळे जुळवण्याचा. लहान मुलांबरोबर त्यांच्या आयाही तो खेळू लागल्या. १९९३ साली रशियाचे अंतराळवीर अलेक्सांद्र सेरेब्रोव्ह मीर या अंतराळस्थानकावर जाताना गेम बॉय सोबत घेऊन गेले. पुढच्या रंगीत आवृत्तीसह या यंत्राची विक्री ११ कोटी ८६ लाखांवर गेली. आपल्याकडे गेम बॉय फार थोड्या घरांत आला. पण त्याच्यासारखा दिसणारा आणि टेट्रिसचेच ठोकळे पाडणारा ब्रिक गेम नव्वदच्या दशकात जत्रेत, बसस्थानकांवर, खेळण्यांच्या दुकानांत सगळीकडे मिळे. उन्हाळ्याच्या सुटीत आतेमामे भावंडांची त्यावरून झालेली भांडणे आजच्या चाळिशीतल्या वाचकांना आठवत असतील.

एक अपयश आणि एक रस्ता

अशा माणसाच्या वाट्याला अपयश यावे आणि ते नेमके त्याने आपले सूत्र पणाला लावून यावे, हा दैवाचा खेळ म्हणायचा. १९९५ साली व्हर्च्युअल बॉय आला. डोळ्यांसमोर धरून खोलीचा आभास देणारे यंत्र. लाल दिवे स्वस्त आणि कमी वीज खाणारे म्हणून पडद्यावर फक्त लाल आणि काळा हे दोनच रंग. पण टेबलावर वाकून त्यात डोळे घालायचे, थोड्या वेळाने मान आणि डोळे दुखायचे, शेजारी बसलेल्याला काही दिसायचे नाही. मूळ बेत पूर्णपणे तडीस जाण्याआधीच ते बाजारात आणले गेले, असेही सांगितले जाते. जेमतेम पावणेआठ लाख यंत्रे खपली आणि वर्षाच्या आत ते गुंडाळावे लागले.

तीस वर्षांत कोट्यवधी यंत्रे विकून देणाऱ्या माणसाची ओळख काही काळ या एका अपयशावरून केली गेली. गेम बॉयची आटोपशीर, सडपातळ आवृत्ती जुलै १९९६ मध्ये बाजारात आणून ऑगस्टमध्ये योकोईंनी निन्टेंडो सोडली. त्यांना घालवले, अशी कुजबुज झाली. पन्नाशीनंतर स्वतःचे काहीतरी काढायचे हे आपण आधीपासून ठरवले होते, असे योकोईंनी सांगितले. दोन्हींत तथ्य असू शकते. नोकरीत हयात घालवलेल्या माणसाला हे समजायला अवघड नाही. निरोप समारंभात सगळे गोडच बोलतात आणि दाराबाहेर पडताना ज्याचे त्याला ठाऊक असते.

क्योतोतच त्यांनी कोतो नावाची छोटी कंपनी काढली आणि बंदाई या खेळण्यांच्या कंपनीसाठी नव्या हातातल्या यंत्राचे काम हाती घेतले. ४ ऑक्टोबर १९९७ च्या संध्याकाळी इशिकावा प्रांतातल्या होकुरिकू द्रुतगती मार्गावर त्यांच्या गाडीचा एक लहानसा अपघात झाला. काय झाले ते पाहायला ते गाडीतून उतरले आणि मागून आलेल्या दुसऱ्या गाडीने त्यांना धडक दिली. योकोई गेले तेव्हा त्यांचे वय ५६ होते.

त्यांचे शेवटचे यंत्र, वंडरस्वान, मार्च १९९९ मध्ये आले. चाराऐवजी एकाच पेन्सिल सेलवर चालणारे. त्यातल्या एका कोड्याच्या खेळाला त्यांचेच नाव दिले गेले. २००३ साली खेळ घडवणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यांना मरणोत्तर जीवनगौरव दिला.

राजूरचा नातू

आता राजूर. वणीच्या शेजारचे हे गाव वेकोलिच्या कोळशासाठी आणि चुनाभट्ट्यांसाठी ओळखले जाते. एका बाजूला काळी धूळ, दुसऱ्या बाजूला पांढरी. वणीच्या परिसरातल्या एका शाखेत मी काही वर्षे काढली. तेव्हा ज्यांचे पगाराचे खाते आमच्याकडे होते असे खाणीतले एक फिटर आता निवृत्त होऊन राजूरलाच राहतात. त्यांचा नातू नववीत आहे, नात सातवीत. त्या घरात मी ते यंत्र प्रथम नीट पाहिले.

आकार गेम बॉयचाच. डाव्या अंगठ्याखाली योकोईंचे अधिक चिन्ह, उजवीकडे बटणे. सुरू केले की काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर धावतात आणि मग खेळांची यादी येते. बटण दाबले की यंत्र झोपते. दुसऱ्या दिवशी उठवले की खेळ जिथे थांबला होता तिथूनच पुढे चालू. पोटात लिनक्स.

संगणकप्रणाली म्हणजे यंत्राचा कारभार पाहणारा कारभारी. बहुतेक कंपन्यांचा कारभारी बंद दाराआड काम करतो. तो काय करतो ते मालकालाही कळत नाही. लिनक्सचे तसे नाही. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी खुल्या प्रणालीचा आग्रह धरला आणि १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहून जगापुढे ठेवला. पुरणपोळीची कृती शेजारणीला द्यावी, तिने हवा तो फेरफार करावा, पण आपली पोळी दुसऱ्याला वाढताना बदललेली कृतीही सोबत द्यावी, असा हा करार. दक्षिण कोरियात २००५ साली लिनक्सवर चालणारे हातातले खेळयंत्र निघाले. अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीने २०२२ साली आणलेले स्टीम डेकही लिनक्सवरच चालते. त्याला कळफलक आणि पडदा जोडला की तो घरचा पूर्ण संगणक होतो. आपल्या देशातही बंगळूरच्या प्राध्यापकांनी आणि अभियंत्यांनी लिनक्सवर चालणारा सिम्प्युटर हा तळहातावरचा संगणक घडवला होता. २००४ साली तो विक्रीला आला. पण किंमत गरिबाच्या खिशापर्यंत उतरली नाही आणि लोकांच्या हाती तोवर मोबाइल आला. योकोईंच्या हिशेबाची गरज तिथेही होती.

राजूरच्या घरातले यंत्र मात्र स्वस्तातले. त्यातली चिप काही वर्षांपूर्वी मोबाइल-टॅबलेटसाठी बनलेल्या जातीची, म्हणजे बाजाराच्या दृष्टीने शिळी. त्यावर फुकट मिळणारी प्रणाली. मुरलेले तंत्र आणि नवा उपयोग, सूत्र तेच. काही महिन्यांपूर्वी हे यंत्र बंद पडले. सुरू केले की पडदा काळाच. दुकानदाराने हात वर केले, नवे घ्या म्हणाला. पोराने मात्र आत जाऊन पाहायचे ठरवले. सारी प्रणाली नखाएवढ्या मेमरी कार्डावर असते. ते कार्डच खराब झाले होते. त्याने वणीहून नवे कार्ड आणले, जगातल्या स्वयंसेवकांनी तयार करून ठेवलेली प्रणाली उतरवून घेतली, घरातल्या जुन्या लॅपटॉपवरून ती कार्डावर लिहिली. दोन वेळा फसले. तिसऱ्या वेळी पांढऱ्या ओळी धावल्या.

मला ही हकीकत सांगताना आबाजींच्या, म्हणजे त्या निवृत्त फिटरच्या, चेहऱ्यावर नातू पहिला आल्याचा आनंद होता. त्यांचे सारे आयुष्य यंत्रे उघडण्यात आणि बसवण्यात गेले. हल्लीची यंत्रे उघडतच नाहीत, बिघडली की फेकायची असतात, याची त्यांना खंत होती. पोरगा खेळतो यापेक्षा पोरगा यंत्राला भीत नाही, हे त्यांना मोठे वाटले. खाणीत पंप बंद पडला तर नवा येईपर्यंत पाणी थांबत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. अशी पुष्कळ यंत्रे हजारो जुने खेळ आधीच भरून विकली जातात. ते खेळ बहुधा विनापरवाना उतरवलेले असतात. प्रणाली खुली आहे म्हणून तिच्यावर चालणारा प्रत्येक खेळ फुकटचा होत नाही. योकोईंचे खेळ हे त्यांच्या कंपनीच्या मालकीचे आणि ती कंपनी या बाबतीत कडक आहे. मुलाच्या हाती यंत्र देताना आईबापांनी हा फरक समजावून द्यावा. खुशीने मोफत दिलेले खेळही भरपूर आहेत. आणि त्याहून चांगला मार्ग म्हणजे स्वतःचा खेळ करणे. जीबी स्टुडिओ नावाचे एक मोफत आणि खुले साधन २०१९ पासून मिळते. प्रोग्राम लिहिता न येणाऱ्यालाही त्यावर गेम बॉयच्या जातीचा खेळ रचता येतो.

राजूरच्या त्या घरातली सातवीतली नात सध्या हेच करते आहे. तिच्या खेळात टोपीवर दिवा लावलेला एक कामगार खाणीत उतरतो आणि पाळी संपायच्या आत त्याला वर यायचे असते. चार छटांत काळा कोळसा छान उठून दिसतो. चुनाभट्टीची पांढरी धूळ दाखवायलाही चौथी छटा उपयोगी पडली. तिच्या भावाला हा खेळ फार सोपा वाटतो. आबाजींना वरचे दोन जिने पार होत नाहीत. त्यांचे म्हणणे असे, की खाणीतली खरी वाट अशी नसते आणि ते रोज एक दुरुस्ती सुचवतात.

मुलांनी खेळावे की अभ्यास करावा, हा वाद घरोघरी चालतो आणि चालत राहील. योकोईंच्या आयुष्याकडे पाहून एवढे मात्र म्हणता येईल, की खेळ हा वेळ घालवण्याचा विषय आहे असे ज्याने मानले नाही, तो पत्त्यांच्या कारखान्यातला रिकामा बसलेला देखभालवाला जगाच्या अंगठ्याला चार दिशा देऊन गेला. कोणतेही यंत्र घडवताना तो तीन गोष्टी पाही. ते सामान्य माणसाला परवडेल का, टिकेल का आणि त्यात गंमत आहे का. दुकानात उभे राहून पोरांच्या हट्टापुढे मान डोलावण्याआधी आपणही हेच तीन प्रश्न विचारावेत. योकोईंच्या काळात चौथा प्रश्न विचारायची सोय नव्हती. त्यांचा गेम बॉय विकत घेणाऱ्याला तो आतून बदलता येत नसे. आज ती सोय झाली आहे. तेव्हा दुकानदाराला हेही विचारावे, की बंद पडले तर माझ्या पोराला ते उघडता येईल का? दुकानदार गोंधळेल कदाचित. पोर मात्र लक्ष देऊन ऐकत असेल.